चाकूच्या आधी चित्र

प्रश्न : माझं वय ५२. उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला गेल्या वर्षी एक गाठ हाताला लागली. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष केलं. आता ती वाढलीय असं वाटतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘६.२ सेंटीमीटर, स्नायूच्या आत, बहुधा लायपोमा’ असं आहे. आमचे डॉक्टर म्हणतात, चरबीची गाठ आहे, लोकल देऊन अर्ध्या तासात काढून टाकू. मुलगी म्हणते, आधी एमआरआय कर. आणि जाऊबाई म्हणतात, गाठीला सुई लावली की ती पसरते. कुणाचं ऐकू?

उत्तर : मुलीचं ऐका. गाठ काढायची तारीख ठरली असेल तर ती पुढे ढकला, पण एमआरआय लांबवू नका.

आधी धीराची गोष्ट. हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींचा कर्करोग, म्हणजे सार्कोमा, मोठ्या माणसांतल्या एकूण कर्करोगांत जेमतेम एक टक्का. तरीही तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टींपाशी मी थांबले : गाठ पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी आहे, खोल स्नायूत आहे आणि वाढते आहे. यातली एकही असली तरी नुसत्या हाताच्या अंदाजावर गाठ कापू नये, असं माझं ठाम मत आहे. ‘दुखत नाही’ याचा दिलासा मात्र घेऊ नका. सार्कोमाही बऱ्याचदा दुखत नाही.

सोनोग्राफी चुकीची झाली असं मी म्हणत नाही. कातडीलगतच्या गाठीसाठी माझीही पहिली तपासणी तीच. तिथला लायपोमा ओळखता येतो : लांबट, कातडीला समांतर पहुडलेला, आत बारीक पांढरट रेषा, प्रोबने दाबला की दबणारा, आणि डॉप्लर लावला तर रक्तप्रवाह जवळजवळ नाहीच. एवढं सगळं जुळलं तर मी रिपोर्टात ‘बहुधा’ लिहीत नाही. पण गाठ जसजशी खोल जाते तसतसं चित्र धूसर होतं, मोठ्या गाठीच्या कडा एका नजरेत मावत नाहीत. तुमच्या रिपोर्टातला ‘बहुधा’ प्रामाणिकपणे लिहिलेला आहे. तो वाचूनही पुढे जाणं मला पटत नाही.

एमआरआयमध्ये चरबी लपत नाही. काही चित्रांत ती पांढरीशुभ्र दिसते. मग मशीनवर फक्त चरबीचा उजेड घालवणारी चित्रं काढतात. कातडीखालची नेहमीची चरबी जशी काळी पडते तशीच सगळी गाठ काळी पडली आणि आतले पडदे बारीक असले, तर तो लायपोमाच. पडदे दोन मिलिमीटरपेक्षा जाड असतील, किंवा चरबी नसलेला एखादा भरीव भाग उजळ राहिला, तर विचार बदलतो. मग नेमक्या त्या भागातला तुकडा तपासायला घ्यावा लागतो, कारण साध्या लायपोमासारखी दिसणारी पण पुन्हा पुन्हा उगवणारी एक जात असते. पॅथॉलॉजिस्ट तुकड्यावर एमडीएम२ या जनुकाची चाचणी करून ती वेगळी काढतात. शिवाय मांडीच्या आतल्या बाजूने पायाची मुख्य रक्तवाहिनी जाते. गाठ तिच्यापासून किती दूर आहे, हे सर्जनला आत शिरण्यापूर्वी माहीत हवं.

तपासणीआधी पेसमेकर, शरीरातलं कुठलंही धातूचं उपकरण आणि किडनीचा त्रास याबद्दल स्वतःहून सांगा. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र अधिक स्पष्ट करणारं औषध, द्यायचा की नाही, हे किडनीच्या त्रासावरही ठरतं.

आता क्रमाबद्दल, कारण माझा जीव तिथे तुटतो. माझ्याकडे असे रुग्ण येतात ज्यांची गाठ आधीच काढलेली असते आणि तो सार्कोमा होता हे नंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात कळलेलं असतं. आधीचं एकही चित्र नसतं. मला दिसते ती जखमेची सूज आणि साठलेलं रक्त. त्यात गाठीचा उरलेला अंश कुठे आहे ते शोधायचं असतं. अशा रुग्णाला दुसरी शस्त्रक्रिया लागते, आणि पहिल्यांदा जेवढा भाग उघडला गेला तो सगळा काढावा लागल्याने ती पुष्कळ मोठी होते. हे टाळता येतं, म्हणून मी इतकं आग्रहाने लिहिते आहे.

जाऊबाईंच्या भीतीला थोडा आधार आहे, पण थोडाच. सुईच्या वाटेवर पेशी सांडणं क्वचित घडतं. म्हणूनच सुई कुठून घालायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला विचारून ठरवतात. गरज पडली तर ती वाट गाठीबरोबरच काढून टाकता येते. बारीक सुईने ओढलेल्या चार पेशींपेक्षा जाड सुईने काढलेला तुकडा जास्त सांगतो. आणि एमआरआयमध्ये निव्वळ चरबी दिसली तर सुईची गरजच उरत नाही. तुकडा घ्यायची वेळ आलीच, तर सार्कोमाचे रुग्ण नेहमी पाहणाऱ्या केंद्रात जा आणि रिपोर्टाबरोबर चित्रांची सीडीही न्या.

प्रश्न : मुलाच्या (वय १९) मनगटाच्या मागे वाटाण्याएवढी गाठ आहे. कधी मोठी वाटते, कधी लहान. त्यालाही एमआरआय करायचा का?

उत्तर : सहसा नाही. लहानमोठी होणारी मनगटावरची गाठ बहुतेक वेळा गँगलियन असते, म्हणजे सांध्यालगतची घट्ट द्रवाने भरलेली पिशवी. सोनोग्राफीत ती काळी दिसते आणि तिची शेपटी सांध्याकडे जाताना सापडते. पुष्कळदा आपोआप जिरते. आत भरीव भाग किंवा रक्तप्रवाह दिसला तरच पुढची तपासणी. तपासताना त्याला मनगट वाकवायला सांगा. काही गाठी मनगट वाकवल्यावरच वर येतात.