जुन्या चुंबकांतून निओडिमियम काढण्याच्या प्रकल्पावर इंटर्नशिप करावी का? तिथे नेमकं काय काम असतं?

तुम्ही धातुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहात, सुट्टीत दोन महिन्यांसाठी एका प्रयोगशाळेत चुंबकांच्या रिसायकलिंगवर काम मिळतंय आणि दुसरीकडे स्टील कारखान्यातली जागाही आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर चुंबकांचं घ्या. मी एम.टेक. करताना एका सरकारी प्रयोगशाळेत हेच काम केलं आणि आजही भंगारातून धातू काढण्याच्याच धंद्यात आहे.

सुरुवात केमिस्ट्रीपासून होत नाही, ती स्क्रू ड्रायव्हरपासून होते. बहुतेक ठिकाणी कच्चा माल म्हणजे जुन्या हार्ड डिस्क. झाकण काढलं की आतल्या कोपऱ्यात पोलादी पट्टीला घट्ट चिकटवलेला चंद्रकोरीसारखा चकचकीत तुकडा दिसतो, तोच चुंबक. तो उचकटताना बोटं सांभाळा. दोन चुंबक एकमेकांकडे झेपावतात तेव्हा मधे सापडलेल्या कातडीची गय करत नाहीत. मग ते भट्टीत साधारण ३५० अंशांना तापवायचे. ३१० अंशांच्या आसपास त्यांचं चुंबकत्व जातं आणि गोंदही जळतो, म्हणून धूर ओढून नेणारी सोय हवीच. चुंबकत्व नीट गेलं नसेल तर पुढे बीकरमध्ये सगळी पूड मॅग्नेटिक स्टररच्या दांडीला जाऊन चिकटते आणि तळाशी नुसता गोळा फिरत राहतो. म्हणून या कामाला वरून पातं सोडून ढवळणारा स्टरर बरा. बारीक दळलेली पूड हवेत पेटू शकते, त्यामुळे दळण्याचं काम एकट्याने करू नका.

आता खरा मुद्दा. या चुंबकात वजनाने साधारण ३० टक्के दुर्मिळ मृदा धातू (रेअर अर्थ, त्यात मुख्य निओडिमियम) असतात, १ टक्का बोरॉन आणि बाकी जवळपास सगळं लोखंड. म्हणजे नावाला प्रकल्प निओडिमियमचा, पण दोन महिने झुंज चालते ती लोखंडाशी. सगळा चुंबक आम्लात विरघळवला तर लोखंडही विरघळतं आणि आम्ल फुकट जातं. त्यापेक्षा पूड आधी हवेत भाजून लोखंडाचा ऑक्साइड करायचा आणि मग सौम्य आम्लात बव्हंशी दुर्मिळ मृदाच उतरवायच्या, ही वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. द्रावणात ऑक्झॅलिक ॲसिड घातलं की साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, खाली बसतो. तो फिकट गुलाबी असेल तर ठीक. पिवळसर झाला तर समजा की फेरस लोखंड (लोखंडाचं कमी ऑक्सिडीकरण झालेलं रूप) सोबत खाली आलंय. आधी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून त्याचं फेरिक केलं असेल तर ते द्रावणातच राहतं. हा एक रंग ओळखायला शिकलात तरी बरंच शिकलात. निओडिमियमचं द्रावण एकदा खिडकीपाशी नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली निळसर दिसणारं तेच उन्हात जांभळट गुलाबी होतं. मला ते अजूनही बघत राहावंसं वाटतं.

साका भाजून ऑक्साइड मिळाला की मुलं घाईने रिकव्हरी, म्हणजे किती टक्के धातू परत मिळाला ते, काढतात आणि इथेच आकडे फसतात. ३० ग्रॅम निओडिमियमचा ऑक्साइड होतो जवळपास ३५ ग्रॅम, कारण त्यात ऑक्सिजन आला. शिवाय हा ऑक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो, म्हणून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून लगेच तोलायचा. किती आलं, किती गेलं, गाळणीत किती अडकलं, धुण्याच्या पाण्यात किती वाहिलं, हा हिशेब जुळवायला लावणारा गाइड मिळाला तर नशीब समजा.

दुसरी वाट हायड्रोजनची, बर्मिंगहॅम विद्यापीठात विकसित झालेली. हायड्रोजन चुंबकाच्या कणांमधल्या सीमांत शिरतो आणि पाणी पडल्यावर चुनकळी फुलून विरते तसा चुंबक भुगा होतो. वरचा निकेलचा थर पापुद्र्यांसारखा सुटतो, तो चाळून वेगळा करायचा आणि भुग्यापासून पुन्हा चुंबक घडवायचा. आम्ल नको, लोखंडाची कटकट नको. पण माल एकाच जातीचा आणि न गंजलेला लागतो. भंगारवाल्याच्या गोणीत सगळ्या जाती एकत्र येतात, तिथे रसायनशास्त्राला पर्याय नाही.

हे काम आपल्याकडे का व्हायला हवं, तेही सांगतो. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत निओडिमियम आहे, पण सोबत थोरियमही आहे, म्हणजे किरणोत्सर्गाची बंधनं आली. डिस्प्रोशियमसारख्या जड दुर्मिळ मृदा तर तिथे नगण्य. आणि गाडीच्या मोटरमधला चुंबक तापूनही टिकतो तो डिस्प्रोशियममुळेच. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोशियम, टर्बियमसकट सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा विजेवरच्या गाड्या बनवणाऱ्या आपल्या कंपन्यांनाही तिची झळ बसली. जुन्या मोटरच्या भंगारात डिस्प्रोशियम आहे आणि थोरियम नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये क्रिटिकल मिनरल मिशन आणि सप्टेंबरमध्ये रिसायकलिंगसाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे कारखाने उभे राहतील आणि त्यांना हे हात काळे करून शिकलेली माणसं लागतील. स्टीलमध्ये नोकऱ्या आहेतच, त्या पुढेही असतील.

होकार कळवण्याआधी गाइडला तीन गोष्टी विचारा. माल कुठून येतो, हार्ड डिस्क की मोटर? उरलेल्या लोखंडाचं आणि आम्लाच्या पाण्याचं काय करतात? आणि आयसीपीवर (द्रावणात कोणता धातू किती आहे ते मोजणाऱ्या मशीनवर) नमुना दिला की निकाल किती दिवसांनी हातात येतो? हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. कित्येक ठिकाणी मशीन एकच असतं, पीएच.डी.वाल्यांची रांग मोठी असते आणि निकाल येईपर्यंत इंटर्नशिप संपलेली असते. तसं असेल तर ईडीटीएचं टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन घालून धातूचं प्रमाण मोजण्याची पद्धत) आधीच पक्कं शिकून जा. त्यावर रोजचा अंदाज रोज मिळतो.