मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढलेले चित्र कोणाचे?

प्रश्न : मी नागपुरात स्वतंत्रपणे चित्रकाम करते. इतवारीतील एका मिठाईच्या दुकानासाठी संत्रा बर्फीच्या खोक्यावरील चित्र मी इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार केले. ठरलेले पैसेही मिळाले. आता दुकानाने तेच चित्र मला न विचारता दिनदर्शिकेवर छापले आहे. सॉफ्टवेअर मोफत असल्याने अशा चित्रावर कोणाचाच हक्क नसतो, असे छापखान्यातून सांगण्यात आले. हे खरे आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : हे खरे नाही. इंकस्केप ज्या जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मिळते, तो परवाना त्या प्रोग्रामची नक्कल, बदल आणि वितरण यांपुरता आहे. इंकस्केप वापरून तुम्ही काढलेल्या चित्राला तो लागू होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा कलावंत, मग साधन कुंचला असो वा संगणक. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र चित्रातील फाँट किंवा तयार क्लिपआर्ट दुसऱ्याचे असेल, तर त्याचा परवाना वेगळा तपासावा.

तुमच्या प्रकरणातील खरा पेच सॉफ्टवेअरचा नसून मोबदल्याचा आहे. कलम १७ प्रमाणे कर्ताच पहिला मालक असतो. परंतु कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, उत्कीर्णन (कोरून केलेले चित्र) किंवा चित्रपट तयार केला असेल आणि विरुद्ध करार नसेल, तर मालकी काम सांगणाऱ्याकडे जाते. खोक्यावरील चित्र हे रंगचित्रच आहे, असा दावा दुकानदार करू शकतो, तर ते रेखांकन किंवा मांडणी असल्याने या अपवादात बसत नाही, असे तुम्हाला म्हणता येईल. म्हणूनच बिल, ईमेल आणि व्हॉट्सॲपवरील संदेश यांत ‘फक्त खोक्यासाठी’ असा उल्लेख आहे का, हे आधी पाहावे. अशा एका ओळीने निकाल फिरू शकतो, आणि आपल्याकडील होतकरू चित्रकार नेमकी तीच ओळ लिहून घेत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मालकी तुमची ठरली, तर केवळ पैसे दिल्याने ती दुकानाकडे जात नाही. कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. मालकी दुकानाची ठरली तरीही कलम ५७ मुळे चित्राचे कर्तृत्व तुमचेच राहते, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी त्याची मोडतोड झाल्यास तुम्ही दाद मागू शकता.

संपादन करता येईल अशी मूळ एसव्हीजी फाइल आणि आधीचे कच्चे आराखडे तारखांसह जपून ठेवा, दिनदर्शिकेची एक प्रत मिळवा आणि या वापराचे वेगळे मानधन मागणारे पत्र दुकानाला पोच मिळेल अशा प्रकारे पाठवा. उत्तर आले नाही, तर ही कागदपत्रे घेऊन वकिलांना भेटावे.