भारतावरची पुस्तकं वाचायला घेताय? दख्खनपासून सुरू करा

तू खानापूरहून खास पुस्तकांसाठी बेळगावला येतोस आणि भारतावरचं वाचन कुठून सुरू करू असं विचारतोस, हे ऐकून फार बरं वाटलं. एक सांगतो, अख्ख्या भारताचा इतिहास सांगणाऱ्या जाडजूड ग्रंथाला आधी हात घालू नकोस. आपल्या मुलखापासून सुरुवात कर. मनू पिल्लै यांचं 'रिबेल सुलतान्स' (2018) घे. बहमनी, विजापूरची आदिलशाही, विजयनगर, सगळं त्यात येतं. नकाशा शेजारी ठेव, नाहीतर नावांच्या गर्दीत हरवशील.

वाचून झालं की बेळगावच्या किल्ल्यात जा. रट्ट राजांच्या काळातलं जैन मंदिर, कमल बस्ती, बघ, मान वर करून छतातलं दगडी कमळ नीट न्याहाळ. तिथून जवळच आदिलशाहीतली साफा मशीद आहे. पुस्तकातली शतकं तिथं हाताच्या अंतरावर उभी असतात.

आजचं वाचायचं तर सुजाता गिडला यांचं 'अँट्स अमंग एलिफंट्स' (2017) चुकवू नकोस. आंध्रातल्या एका दलित ख्रिस्ती कुटुंबाची ही हकिगत मला अजून सोडत नाही. इंग्रजी अडलं तरी थांबू नकोस, शब्द वहीत टिपून पुढं जा.

आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरचं काही हाती आलं, तर लेखक कोण, साल कुठलं, हे आधी बघ. 1956 च्या राज्य पुनर्रचनेवर आणि या वादावरच्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालावर मराठीत आणि कन्नडात वेगवेगळं लिहिलेलं सापडेल. कन्नड वाचता येत असेल तर दोन्ही वाच. येत नसेल तर शेजाऱ्याकडून वाचून घे.