ग्रामपंचायतीने माहिती अधिकाराच्या अर्जाला ४२ दिवसांत उत्तर दिलं नाही. तिसरं स्मरणपत्र देऊ का?

आधी तुमचा प्रश्न मला कळला तसा मांडतो. तापीकाठचं गाव. गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला आणि वर्षाच्या आत उखडला. ३ मार्चला तुम्ही ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज दिला, त्यात खर्च किती झाला आणि रस्ता का उखडला, असं विचारलं. आज १४ एप्रिल. मधल्या काळात दोन स्मरणपत्रं दिलीत. ग्रामसेवक फोनवर म्हणतात, ४०० रुपये भरा, मग पाहू. आता तिसरं स्मरणपत्र द्यावं का, असं तुम्ही विचारताय.

नका देऊ, भाऊ.

मी खान्देशातल्या एका सरकारी कचेरीत २९ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी आवक-जावकच्या टेबलावर. स्मरणपत्राचं काय होतं ते सांगतो. त्याच्यावर आवक क्रमांक पडतो. ते डाकेच्या पॅडमधून साहेबांसमोर जातं. साहेब कोपऱ्यात ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असं लिहून खाली कोंबडा, म्हणजे झटपट सही, काढतात. मग ते मूळ अर्जाला टाचलं जातं आणि फाईल होती तिथेच परत जाऊन बसते. फाईलीची जाडी वाढते, एवढाच काय तो फरक.

माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये स्मरणपत्र नावाची गोष्टच नाही. जनमाहिती अधिकाऱ्याने, म्हणजे ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाने, ३० दिवसांत माहिती द्यायची किंवा नाकारायची. त्याने काहीच केलं नाही तर कलम ७(२) प्रमाणे त्याने माहिती नाकारली असं धरलं जातं. म्हणजे तुमच्या ग्रामसेवकाने ‘उत्तर दिलेलं नाही’ असं नाही. २ एप्रिलला दिवस मावळला तेव्हा त्यांनी कायद्याच्या लेखी नकार दिलेला आहे, आणि त्या नकारावर अपील करायची तुमची मुदतही तेव्हापासून चालू झाली आहे. ती सुद्धा ३० दिवसांचीच. २ मेला संपते.

सगळा खेळ इथे आहे. कचेरीचे ३० दिवस उलटले तर त्या दिवशी कचेरीचं काही बिघडत नाही. तुमचे ३० दिवस उलटले तर तुमचं बिघडतं. ‘व्हई जाई ना भो, काय घाई शे?’ हे वाक्य आपल्याकडे प्रेमानेच म्हटलं जातं, पण या दोन महिन्यांत ते ऐकत बसलं की माणूस मुदतीबाहेर जातो.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतोय? निवृत्तीनंतर माझ्याच गावच्या गटारीच्या कामाची माहिती मी मागितली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर तारखेचे शिक्के मारले, आणि स्वतःच्या अर्जाचे दिवस मोजायला विसरलो. ग्रामसेवक ओळखीचा, सरपंच भावकीतला. ‘जाऊ द्या ना नाना, गावनंच काम शे.’ मी दोन स्मरणपत्रं दिली, अगदी तुमच्यासारखी. भानावर आलो तोवर अर्जाला ७५ दिवस झाले होते. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर अपिलीय अधिकारी, म्हणजे अपील ऐकणारा वरचा अधिकारी, मुदतीनंतरचं अपील दाखल करून घेऊ शकतो, पण माझ्याकडे कारण कसलं? लाज. गुपचूप नवीन अर्ज केला. तसं करायला कायद्यात आडकाठी नाही, फक्त अडीच महिने पाण्यात गेले. दुसऱ्या खेपेला मात्र ३१ व्या दिवशी अपील टाकलं. सुनावणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी शिपाई घरी आला, पिशवीतून नऊ पानं काढली आणि म्हणाला, नाना, सही करा. त्या पानांत काय होतं ते इथे लिहीत नाही, गावात राहायचंय.

तर तुम्ही उद्याच, १५ एप्रिलला, प्रथम अपील करा. महाराष्ट्राच्या नियमात त्यासाठी ‘जोडपत्र ब’ हा नमुना आहे. मूळ अर्ज ‘जोडपत्र अ’ मध्ये असतो, तो तुम्ही केलेलाच आहे. अपिलाला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अपील कोणाकडे करायचं ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फलकावर असायला हवं, कलम ४ प्रमाणे ही नावं स्वतःहून जाहीर करायची असतात. फलक नसेल किंवा त्याच्यावर चुना फिरवलेला असेल, तर पंचायत समितीत जाऊन विचारा. अपिलात लांबलचक कैफियत नको. अमुक तारखेला अर्ज दिला, मुदतीत माहिती मिळाली नाही, कलम ७(२) प्रमाणे नकार समजून अपील करत आहे, माहिती विनामूल्य मिळावी. बस. सोबत शिक्क्याच्या पोचेची झेरॉक्स जोडा. आणि ती पोच लॅमिनेट करू नका हो! एकाने केली होती, शिक्का पुसट झाला आणि तारीखच वाचता येईना.

अपील हातोहात देऊन दुय्यम प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. ‘साहेब मीटिंगला गेलेत, नंतर या’ असं म्हणाले तर वाद घालू नका, सरळ पोस्टात जा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. पोस्टाच्या कागदाशी कुणाला भांडता येत नाही.

आता ते ४०० रुपये. झेरॉक्सचा दर पानाला २ रुपये आहे, म्हणजे २०० पानं झाली. एका गल्लीच्या रस्त्याची २०० पानं? असो, निघालीही असतील. पण खर्च मागायचा तर तो हिशेबासकट लेखी मागावा लागतो, आणि तोही ३० दिवसांच्या आत. फोनवरच्या बोलण्याला काडीची किंमत नाही. मुदत संपल्यावर तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकटच द्यावी लागते. तुमची मुदत संपलीय, तेव्हा एक पैसा भरू नका. पुढच्या कुठल्या अर्जासाठी एवढं लक्षात असू द्या की हुशार कारकून २८ व्या दिवशी पैसे भरण्याचं पत्र काढतो. ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरले जात नाहीत. असं पत्र आलं तर त्याच दिवशी पैसे भरून पावती घ्या. (हे मी कुठून शिकलो ते विचारू नका.)

तुमच्या अर्जात मात्र एक खोट आहे. ‘रस्ता का उखडला’ हा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही. कचेरीकडे जो कागद आहे तो मागता येतो, खुलासा किंवा मत मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलेलं आहे. अपिलात त्या एका प्रश्नावर ते तुम्हाला हमखास अडवतील. अपिलात नव्या मागण्या घुसवता येत नाहीत, म्हणून अपील चालू ठेवून जोडीला एक नवा अर्ज टाका आणि त्यात ‘का’ हा शब्दच आणू नका. कागदांची नावं घ्या: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, ठेकेदाराशी झालेला करारनामा, मोजमाप पुस्तिका, अंतिम देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि त्या रकमेची रोकड वहीतली नोंद. मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. तुम्ही टेप घेऊन गल्लीत उभे राहिलात की ‘का’ चं उत्तर निम्मं तिथेच मिळतं. उरलेलं निम्मं करारनाम्यात सापडेल. त्यात दोषदायित्वाचा कालावधी बघा, म्हणजे काम झाल्यावर किती दिवस ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची ते. तो कालावधी अजून संपला नसेल, तर तुम्हाला माहितीपेक्षा मोठी गोष्ट हाताला लागेल.

मोजमाप पुस्तिका बहुतेक वेळा ग्रामपंचायतीत नसून अभियंत्याकडे असते. ‘आमच्याकडे नाही’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. कलम ६(३) प्रमाणे अर्जाचा तेवढा भाग पाच दिवसांत संबंधित कार्यालयाकडे पाठवायचा असतो. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, तेव्हा रस्ता आणि पाण्याची टाकी एका अर्जात कोंबू नका.

एक काम अर्जाच्याही आधी करून बघा. वित्त आयोगाच्या पैशातून रस्ता झाला असेल तर ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर तुमच्या ग्रामपंचायतीच्या खर्चाच्या नोंदी दिसतात. मोबाईलवर दिसतात, त्यासाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. तिथली रक्कम आणि तारीख नव्या अर्जात टाकली की समोरच्याला कळतं, हा माणूस अंधारात दगड मारत नाहीये.

ग्रामसेवकाची बाजू अजिबात नाही, असंही नाही. एकेका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा चार्ज असतो. जुने बस्ते वाळवीने खाल्लेले, झेरॉक्स काढायला तालुक्याला जावं लागतं, आणि वर एखादा महाभाग दहा वर्षांच्या सगळ्या व्हाउचरच्या प्रती मागतो, नंतर संध्याकाळी ठेकेदाराकडे चहाला जाऊन बसतो. असे अर्जदार मी पाहिलेत. त्यांच्यामुळे खऱ्या माणसाच्या अर्जाकडेही ‘आला मांडवलीवाला’ म्हणून बघितलं जातं. पण उशिराचं मुख्य कारण हे नव्हे. उशिराची किंमत कुणाच्या खिशातून जात नाही, हे खरं कारण. दंडाची तरतूद कायद्यात आहे, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, तोही अधिकाऱ्याच्या स्वतःच्या पगारातून. पण हा दंड फक्त दुसरं अपील ऐकणारा राज्य माहिती आयोग करू शकतो, प्रथम अपिलीय अधिकारी करू शकत नाही. आणि आयोगापुढच्या प्रलंबित प्रकरणांचा आकडा मधल्या काळात एक लाखाच्या वर गेला होता. तुमची पाळी येईपर्यंत त्या ग्रामसेवकाची बदली झालेली असते. हे सगळं त्यांना पाठ असतं.

म्हणून कुणी सांगेल, अपील वगैरे सोडा, थेट आयोगाकडे तक्रार करा. तिथे फसू नका. कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील ही दोन वेगळी दारं आहेत. मणिपूरच्या एका प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम १८ च्या तक्रारीत आयोग अधिकाऱ्याला दंड करू शकतो, पण अर्जदाराला माहिती द्या असा आदेश देऊ शकत नाही. तुम्हाला कागद हवेत ना? मग अपिलाच्याच वाटेने चला.

१५ एप्रिलला अपील दिलंत तर १५ मेपर्यंत निर्णय व्हायला हवा. लेखी कारण देऊन फार तर ३० मेपर्यंत लांबवता येतो. सुनावणीची नोटीस आली तर उन्हाची पर्वा न करता जा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर असतो आणि अर्जदार येणार नाही या हिशेबाने दुपारची वेळ दिलेली मी पाहिली आहे. तिथे माहिती का हवी ते सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी ग्रामसेवकाची, तुमची नाही. ‘रेकॉर्ड आढळून येत नाही’ असं ते म्हणाले तर ते लेखी द्यायला सांगा आणि रेकॉर्ड कोणाच्या ताब्यात होतं त्याची चौकशी व्हावी, अशी मागणी त्याच कागदावर नोंदवून घ्या. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदाही २००५ चाच आहे, आणि त्याचं नुसतं नाव काढलं की हरवलेले कागद कपाटामागे सापडतात, हा माझा नोकरीतला अनुभव.

एवढं करूनही निर्णय आला नाही तर दुसरं अपील, ‘जोडपत्र क’ मध्ये, राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे तिथेच येतात. त्याला ९० दिवस मिळतात. १५ मेपासून धरले तर १३ ऑगस्टपर्यंत. या तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, मनात नको. दंडाची मागणी या अपिलात करायची, आधीच्या नाही.

सरपंचाची माणसं घरी येतील, कदाचित आलीही असतील. त्यांना चहा द्या, अर्ज मागे घेतो असं लिहून देऊ नका. शेजारच्या दोघांना त्याच कागदांसाठी आपापल्या नावाने अर्ज टाकायला सांगा. मग बोट दाखवायला एकच घर उरत नाही. शिवाय १ मेला ग्रामसभा असेल. तिथे अपिलाची पोच खिशात ठेवून एवढंच विचारा की रस्त्याचं अंतिम देयक किती रुपयांचं निघालं, आणि जे उत्तर देतील ते प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा.

कोर्ट फीचे २० चे स्टॅम्प महिनाअखेरीला संपतात, उद्या सकाळीच तहसीलसमोरच्या विक्रेत्याकडे जा.