रत्नागिरीची गाडी सोलापुरात: आधी धुवा, वाळवा, मग कोटिंगचं बघा

मालक, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: रत्नागिरीहून एमएच-०८ पासिंगची, २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक घेतलीत. चालायला छान आहे, पण खालून पाहिलं तर ठिकठिकाणी तांबूस दिसतंय. इथला डीलर म्हणतो, लगेच काळं अंडरबॉडी कोटिंग मारून घ्या. मेव्हणे म्हणतात, सोलापुरात कुठला आलाय गंज, पैसे घालवू नका.

मेव्हण्यांचं म्हणणं इथंच वाढलेल्या एमएच-१३ गाडीला लागू पडतं. आपल्याकडे वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, रत्नागिरीत तो तीन हजारांच्या घरात, आणि वर समुद्राची खारी हवा. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते; मीठ त्यात घाई करतं. स्वच्छ पत्रा साठ टक्क्यांखालच्या आर्द्रतेत जवळजवळ गंजत नाही. पण मीठ बसलेला पत्रा हवेतला ओलावा ओढून घेतो आणि त्याहून कोरड्या हवेतही आतल्या आत खात राहतो. एप्रिल-मे मध्ये इथल्या कोरड्या झळांत तो गंज पेंगतो, आणि सप्टेंबरात आपला खरा पाऊस लागला की पुन्हा कामाला लागतो. तेव्हा गाडी आता कुठं उभी असते यापेक्षा ती आठ-नऊ वर्षं कुठं उभी होती हे महत्त्वाचं.

म्हणून डीलरचंही ऐकू नका, निदान आत्ता तरी नाही. मीठ आणि गंज तसाच ठेवून वरून काळं रबरी कोटिंग मारलं की दोन्ही आत कोंडले जातात. वरून गाडी नव्यासारखी दिसते. कोटिंगला कुठंतरी बारीक तडा जातो, त्यातून पाणी शिरतं आणि ते बाहेर यायला वाट नसते. दोन-तीन पावसाळ्यांनी कोटिंगचा पापुद्रा हातात येतो आणि त्याला पत्राही चिकटलेला असतो. शिवाय विकणाऱ्याने अशा कोटिंगखाली काय झाकलंय हे कळत नाही ते वेगळंच.

पहिलं काम धुण्याचं. रॅम्प असलेलं वॉशिंग सेंटर गाठा आणि सांगा, वरची बॉडी राहू द्या, खालून धुवा. चाकांच्या वर प्लॅस्टिकचं अस्तर असतं, ते काढायला लावा. त्यामागे कोकणातली लाल माती अजून बसलेली असणार, आणि ओली माती म्हणजे पत्र्याला सतत लावून ठेवलेलं फडकं. मडगार्डची आत वळलेली कड, मागचा अॅक्सल, पेट्रोल टाकीच्या पट्ट्या, सगळीकडे प्रेशर मारा; फक्त वायरींच्या कनेक्टरवर आणि अल्टरनेटरवर जवळून नको. एका धुण्यात मीठ जात नाही, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करा. बोअरचं पाणी जड असतं, शेवटचं धुणं जमलं तर नळाच्या पाण्याचं असू द्या. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथं हा सल्ला देताना मलाही जरा जड जातं, पण हे काम चैनीचं नाही आणि पुन्हा पुन्हा करायचंही नाही.

धुतल्यावर लगेच घरी आणून झाकून ठेवू नका. मोहोळपर्यंत एक चक्कर मारा, मग दारं-डिकी उघडून, मॅट उचलून, स्टेपनी बाहेर काढून दिवसभर उन्हात उभी करा. स्टेपनीचा खड्डा बघाच, डिकीचं रबर गळत असेल तर पाणी तिथंच साठतं. दारांच्या खालच्या कडेला आणि रनिंग बोर्डाला, म्हणजे दारांखालच्या पोकळ पट्टीला, पाणी निघून जायची बारीक भोकं असतात. ती मातीने बुजलेली असतात, झिप टायने मोकळी करा. वायपरच्या खालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला अडकतो, तोही काढा. या भोकांकडे कोणी बघत नाही आणि दारं खालूनच सडतात, वरून नाही.

आता तपासणी. सगळा तांबूस रंग धोक्याचा नसतो. रात्रभर उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर, सायलेन्सरवर, जाड लोखंडाच्या अॅक्सलवर वरवरचा गंज दिसतोच. डिस्कवरचा दोन ब्रेकांत निघूनही जातो. काळजी पातळ पत्र्याची. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने रनिंग बोर्ड ठोकत चला. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं तर पत्रा गेला. जॅक लावायची जागा, सस्पेन्शन जिथं बॉडीला बसतं ती जागा, आणि सीट बेल्टचे बोल्ट, या तीन ठिकाणी सडलेलं असेल तर कापून नवा पत्रा वेल्ड करणं एवढाच उपाय. तिथं लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देतो म्हणणाऱ्या डेंटिंगवाल्याला नमस्कार करून निघा. आधीच कोणी लांबी भरलीय का ते फडक्यात गुंडाळलेल्या चुंबकाने कळतं, लांबीवर तो धरत नाही.

पत्रा टणक पण गंजलेला असेल तर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने सुटे पोपडे पूर्ण काढा. उरलेल्या घट्ट गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावा, तो गंज काळा पडून स्थिर होतो. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. हे काम पावसाळ्यात करूच नका. एप्रिल-मे सारखा कोरडा पत्रा वर्षभरात मिळणार नाही. फक्त सकाळी, सावलीत करा. दुपारी पत्रा हात न लावण्याइतका तापतो, त्यावर रंग नीट धरत नाही.

यानंतर कोटिंग, आणि तेही मेणाचं. दारांच्या आत, रनिंग बोर्डच्या पोकळीत लांब नळीने मारायचं कॅव्हिटी वॅक्स येतं. ते मऊ राहतं, सांध्यांत पसरतं, आणि खाली काय चाललंय ते दिसतं. खालच्या बाजूलाही वॅक्स चालेल, पण दर एक-दोन पावसाळ्यांनी परत मारावं लागतं. काळं रबरी कोटिंग अगदी नव्या, स्वच्छ पत्र्यावर खडीपासून वाचवायला ठीक. तुमच्या गाडीला नको. सायलेन्सर, ब्रेक आणि ती मोकळी केलेली भोकं, यांवर काहीच मारू देऊ नका. आणि कोणी जळकं ऑइल मारायचं सुचवलं तर सरळ नाही म्हणा. रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून काळा चिखल होतो, आणि थेंब थेंब पार्किंगमध्ये गळत राहतं.

गंज पत्र्यालाच लागतो असंही नाही, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रेडिएटरमध्ये आधीच्या मालकाने काय भरलंय ते बघा. तपकिरी पाणी निघालं तर आतून गंज आहे. फ्लश करून कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा, तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवा. बोअरचं पाणी भरलंत तर आत खपली धरेल आणि मे महिन्यात ४३ अंशांत गाडी तापून रस्त्यात उभी राहील. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोकणात राहिलेल्या गाडीचं तर बदलाच, पुढे दर दोन वर्षांनी. सायलेन्सर आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, आणि जुळे सोलापूर ते सात रस्ता एवढंच रोज फिरलात तर ते सायलेन्सरात साठून राहतं. आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास चालवा.

बाकीचं नेहमीचं: इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, बॅटरीचं लोड टेस्टिंग. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे बघा, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी सहा-सात वर्षं जुन्या रबरावर उन्हाळ्यात पुणे रोडला जाऊ नका. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत वाफ धरते. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. मात्र गंजाचे पैसे कुठलीच विमा कंपनी देत नाही.

काहीही ठरवण्याआधी दोन्ही बाजूंच्या जॅक पॉइंटचे फोटो टाका. तिथं टोक आत जात असेल तर वॅक्स-रंग सगळं नंतर, आधी वेल्डिंगवाल्याचं बघू.