साडेतीन हजारांची पैठणी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

येवल्याहून २२ हजारांची पैठणी आणलीस आणि घरी 'सेमी पैठणी आहे, यंत्रमागावरची, साडेतीन हजारांची' अशी थाप मारलीस, हे वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. पैसे तुझे, वर्षभर बाजूला टाकलेले, कुणाचं देणं नाही. मग ही चोरी कसली?

बाबा काय म्हणतील ते मलाही ठाऊक आहे. त्याच पैशांचं सोनं घेतलं असतंस तर ती गुंतवणूक झाली असती. घडणावळीत किती गेले, हे कुणी विचारलंही नसतं. साडी घेतली की उधळपट्टी!

पदर उलटून पाहिलास ना? हातमागावरच्या पैठणीचा मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, धागे लोंबत नाहीत. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी हातानं फिरवत ती नक्षी भरतात; दाट पदराला महिनेही लागतात. २०१० मध्ये पैठणीला जीआय, म्हणजे ते नाव अस्सल मालापुरतं राखणारं भौगोलिक मानांकन मिळालं, तरी यंत्रमागावरची साडी पैठणी म्हणून सर्रास खपवतात. तू फसली नसलीस म्हणजे मिळवलंस.

फोनचं मात्र वेगळं. सव्वा लाखाचा, 'नो कॉस्ट ईएमआय'वर, म्हणजे व्याजच नाही असं तू लिहितेस. अगं, बँकेत ३१ वर्षं काढली मी. व्याज लागतंच, तेवढी सूट किमतीत दाखवतात, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुझ्याच खिशातून जातो. बहुतेकदा वर प्रोसेसिंग फी. ते एक वेळ सोड. पण एखाद्या महिन्यात हात आखडला आणि क्रेडिट कार्डाचा नुसता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरलास, की उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. वर्षाचे चाळीसच्या वर गेले की नाही? चांगल्या पगाराची पोरं माझ्या टेबलासमोर बसून त्यापायी रडलेली पाहिली आहेत. हवाच असेल तर घे फोन, माझी ना नाही. साडीसारखे पैसे साठवून घे. सहा महिन्यांनी तो तेवढाच हवासा वाटतो का, तेही कळेल.

आणि साडी कपाटात पुरू नकोस. माझ्या आईची लग्नातली पैठणी होती, जांभळी, नारळी काठाची. मलमलीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी. 'चांगल्या प्रसंगाला नेसू' म्हणत उभ्या आयुष्यात चारदा नेसली असेल. माझ्या लेकीच्या बारशाला मी ती उलगडली, तर प्रत्येक घडीवर सरळ रेघेत फाटत गेली. घड्या बदलल्या नाहीत की रेशीम तिथेच विरतं, हे तेव्हा कळलं. आई काही बोलली नाही. फक्त काठाचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसली.

तेव्हा नेस. ऑफिसच्या दिवाळीला नेस, मैत्रिणीच्या लग्नाला नेस. आणि घरी खरी किंमत आजच सांगून टाक. नाहीतर साडेतीन हजारांचीच तर आहे म्हणून आई एखाद्या दिवशी ती वॉशिंग मशीनमध्ये टाकेल.

तुझी,
काकू