खिम्याला पाणी सुटतं ते टाळण्यासाठी

खिमा घरी आणून धुऊ नका. धुतलेला खिमा पाणी धरतो आणि परतण्याऐवजी उकडतो. खाटकाकडे मांडीचा तुकडा धुऊन, निथळून घ्या आणि समोर सुरीने बारीक करायला सांगा. मशीनचा फार बारीक खिमा लगदा होतो. अर्ध्या किलोत ५० ग्रॅमभर चरबी असू द्या, नुसतं लाल मांस कोरडं, चरबरीत लागतं.

टोप नको, रुंद कढई घ्या. दोन कांदे लालसर झाले की चमचाभर आलं-लसूण, मग खिमा. मोठ्या आचेवर कालथ्याने गुठळ्या फोडत राहा. नंतर त्या सुटत नाहीत. सुटलेलं पाणी पूर्ण आटून तेल दिसलं की मगच दोन चमचे मालवणी मसाला, हळद, मीठ. अर्धी वाटी गरम पाणी, झाकण, मंद आचेवर २५ मिनिटं.

भाजक्या खोबऱ्याचं वाटप अर्धी वाटी पुरे. ते शेवटी घाला, आधी घातलं तर बुडाला लागतं. कोकमं तीन, तीही मांस शिजल्यावरच.  टोमॅटो घालतात काहीजण, पण मग चव आपली राहत नाही.